तिसरा रकाना

वही जुनीच. केळीच्या कापणीची.
पुढच्या पानांवर ट्रकचे नंबर, घडांची वजनं,
व्यापाऱ्याने कापून घेतलेले किलो, दीड किलो.
मागून उलटी धरली
की माझी साखर.
तारीख. उपाशीपोटी. जेवल्यावर.
एकशे ब्याऐंशी. दोनशे चौसष्ट.

सव्वीस वर्षं सावद्याच्या काट्यावर बसलो.
हिरवा घड अंगठ्याने दाबून सांगायचो,
हा दिल्लीत पिकेल,
हा इटारसीतच गोड होऊन बसेल.
माझ्या आत काय पिकत होतं
ते पायाची जखम चिघळेपर्यंत कळलं नाही.

मग पथ्य. मग इंजेक्शन. मग
काहीच नाही.
म्हणजे छताचा पंखा, आणि मी.
हिवाळ्यात पितांबरच्या मळ्यात भरीत होतं,
पऱ्हाट्यांचा धूर घरापर्यंत आला,
मी कूस बदलली.
गोड बंद झालं म्हणून रुसलाय, लोक म्हणाले.
मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला,
बाबा, चालायला जात जा.

पुष्पलता विचारायची, सुई घेतली का?
विसरलो, म्हणायचो.
विसरलो नव्हतो.
सुई हातात होती, पोटाची कातडी चिमटीत होती,
आणि वाटलं, कशाला.
एवढंच. रागाने नाही, रडून नाही.
दुकानाचं शटर ओढावं तसं.

उपकेंद्रातल्या जैबून तडवी सिस्टरने
वही बघितली, मला बघितलं.
काका, साखर समजली. झोप?
भूक? कुणाशी बोलता?
दोन आठवड्यांत किती दिवस वाटलं,
की आता नकोच काही?
मोजून सांगू?
हो, मोजूनच सांगा.
रोज, म्हणालो.
कितीतरी दिवसांनी बरोबर वजन सांगितलं.

मंगळवारी रावेरला मनाच्या डॉक्टरीण बाई येतात.
बाकावर बसलो तर समोर ओळखीचा माणूस,
दोघांनीही भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचलं,
दोनदा.
बाई म्हणाल्या, हे वेगळं दुखणं धरू नका,
ठिबकची नळी एकच आहे,
एका झाडाशी तुंबली की दुसरं वाळतं.
साखरेची औषधं तीच ठेवली,
वर एक लहान पांढरी गोळी दिली.
गुण यायला तीन-चार आठवडे लागतील.
इतके?
केळीला अकरा महिने थांबता ना?
मला हसू आलं नाही. पण उत्तरही सुचलं नाही.

जैबूनने फूटपट्टीने वहीत रेघ मारली.
तिसरा रकाना. वर लिहिलं, मन.
यात काय लिहू? याला माप कुठलं?
तुम्ही काटेवाले, तुम्हीच ठरवा.

नऊ दिवस कोरे.
मग,
उठलो.
सुई घेतली. खरंच घेतली.
काही नाही.
काही नाही.
पुष्पलताशी भांडलो, म्हणजे बोललो.
कळण्याची भाकरी अर्धी, ठेच्याशी.
सुकी नदीच्या पुलापर्यंत गेलो, परत येताना बसलो.
बागेत रडलो. पानांचा आवाज होता, कुणाला ऐकू गेलं नाही.
काही नाही.
साखर नव्वद, घाम, थरथर, गूळ तोंडात.
भीती वाटली. मरायची.
(हे वाचून जैबून बराच वेळ गप्प होती,
मग म्हणाली, छान.)

पंखा अजून आहे. काही सकाळी
अजून त्याच्याखालून निघत नाही मी.
शर्टावर केळीच्या चिकाचे डाग आहेत,
पुष्पलताने घासायचं सोडून दिलंय,
वाळत मात्र घालते.

काल पितांबर एक घड घेऊन आला,
ओट्यावर ठेवला. सांग बरं, कधी पिकेल?
उजवा अंगठा टोचून टोचून बधिर झालाय.
डाव्याने दाबलं. पुन्हा दाबलं.
शनिवारी, म्हणालो.
आणि मग लक्षात आलं,
शनिवारी मी असेन, हे धरूनच बोललो होतो.

तिसऱ्या रकान्यात लिहिलं,
शनिवार.